रॉयस टिबेट्सला घाटात मागे टाकणे

९ मार्च, शनिवार

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी डनिगन घाटात माझा अपमान झाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. सूड घेताना तपशील लागतो.

झालं असं. डार्सीने वरच्या पठारावर घर घेतलंय, तिथे जळाऊ लाकूड पोचवायला निघालो होतो. शेजारी माझी बायको लोरेन. घाट सात मैलांचा. तिसऱ्या मैलावर आमच्या पिकअपचा वेगाचा काटा अठ्ठावीसवर आला. तरी मी शांत. जड माल असताना इंजिनाला त्याच्या कलाने घ्यावं, या मताचा मी आहे. तेवढ्यात आरशात रॉयस टिबेट्स. मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये दोन घोडे. सरळ बाजूच्या लेनमध्ये आला आणि मला ओव्हरटेक करून गेला. दोनदा हॉर्न. वर हात केला. त्याच्या शेजारी डार्सी बसली होती, तिनेही हात केला. ट्रेलरच्या खिडकीतून एका घोड्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही.

लोरेनने उलट हात केला! मी म्हटलं, तू कशाला? म्हणाली, अरे, माझी मुलगी आहे ती.

मुलगी रॉयसचीही आहे, हा सगळा घोळ. रॉयस म्हणजे लोरेनचा पहिला नवरा. डार्सी सहा वर्षांची असताना हा गृहस्थ मासेमारीच्या बोटीवर नोकरी करायला अलास्कात गेला आणि ती सतरा वर्षांची झाल्यावर उगवला. मधली अकरा वर्षं तिला शाळेत कोणी सोडलं, तिच्या घोडीला बर्फातून चारा कोणी घातला, हे मी इथे लिहिणार नाही. मी घातला. ती त्याला डॅड म्हणते आणि मला व्हर्लिन.

माझी काही तक्रार नाही. फक्त त्याची जिरवायची आहे.

१० मार्च, रविवार

रात्रभर विचार केला. मुद्दा असा: दोघांच्या गाड्या एकच. १९९० ची पिकअप, सरळ सहा सिलिंडर, तीनशे क्यूबिक इंच, फ्युएल इंजेक्शन. एकाच कारखान्यातून निघालेल्या. पुस्तकात दोन्हींची ताकद दीडशे घोडे. मग त्याची दोन खरे घोडे घेऊन चढते आणि माझी लाकडं घेऊन धापा टाकते, हे कसं? उत्तर एकच. त्याने गुपचूप इंजिनात काहीतरी केलंय.

संकल्प: २ सप्टेंबरला, कामगार दिनाला, वर पठारावर गावाची सहल असते. सगळं गाव घाट चढून जातं. त्या दिवशी मी रॉयसला मागे टाकणार. हॉर्न तीनदा.

१२ मार्च, मंगळवार

जुन्या पिकअपवाल्यांच्या इंटरनेट फोरमवर नाव नोंदवलं. 'घाटसम्राट' असं नाव घेतलं. प्रश्न टाकला: जुन्या फ्युएल इंजेक्शनच्या सहा सिलिंडरमधून दोनशे घोडे कसे काढावेत? अनुभवी लोकांनीच उत्तर द्यावं.

चार मिनिटांत टेनेसीहून एकाने विचारलं, टायर केवढे आहेत? मी अभिमानाने सांगितलं, पस्तीस इंची. (खरोखर भारदस्त दिसतात. गाडीत चढायला लोरेनला स्टूल लागतं.) तो म्हणाला, कंपनीने एकोणतीसचे दिले होते, तेच परत लाव, नाहीतर मागचा गिअर बदल. एवढी मोठी चाकं फिरवताना बिचारं इंजिन कायम वरच्या गिअरमध्ये चढतंय.

मी त्याला सभ्यपणे कळवलं की ताकद इंजिनात असते, रबरात नसते. मग दुसरा आला, टायर. तिसरा, टायर. एकूण सतरा जणांनी टायर म्हटलं. सतरा माणसं एकच चूक करतात, यावरून देशातल्या शिक्षणाची कल्पना येते.

१७ मार्च, रविवार

चर्चमध्ये पॅनकेकचा नाश्ता होता. सगळे आत सिरप ओतत असताना मी पार्किंगमध्ये रॉयसच्या गाडीखाली शिरलो. टॉर्च घेऊन. टर्बो असणारच अशी खात्री होती. दिसला नाही. म्हणजे चांगला लपवलाय.

तेवढ्यात गाडीपाशी दोन बूट येऊन उभे राहिले. रॉयस वाकला. म्हणाला, काय रे, काही पडलं का?

म्हटलं, नाणं. पाव डॉलरचं.

तर हा माणूस रविवारच्या कपड्यांत दुसऱ्या बाजूने आडवा झाला आणि शोधायला लागला. दहा मिनिटं आम्ही दोघं न पडलेलं नाणं शोधत होतो. शेवटी त्याने स्वतःच्या खिशातून काढून मला दिलं. म्हणाला, राहू दे रे, हे घे.

उपकाराचं नाटक करून माणसाला खजील करायची त्याची ही जुनी पद्धत आहे.

२३ मार्च, शनिवार

पहिलं पाऊल. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून फेकला, उघडा शंकूसारखा फिल्टर लावला. आवाज काय बदललाय! बैल फुरफुरतो तसा. माझ्या अंदाजाने वीस घोडे वाढले. अंदाज सीटमधून बुडाला जे जाणवतं त्यावरून, आणि माझ्या बुडाचा अंदाज सहसा चुकत नाही.

दुपारी घाटात चाचणी. सत्तावीस. समोरून वारा होता.

६ एप्रिल, शनिवार

टपालाने पॉवर चिप आली. जाहिरातीत लिहिलंय, पस्तीस घोडे, पाच मिनिटांत. मला चाळीस मिनिटं लागली, पण त्यात सूचना वाचण्याचा वेळ धरलेला आहे. लोरेन म्हणाली, वीस आणि पस्तीस, अंगणात एवढे घोडे बांधणार कुठे? मी हसलो नाही.

१३ एप्रिल, शनिवार

डार्सी आली होती, तिच्या म्हाताऱ्या घोडीचे खूर बघायला. डार्सी पेशाने नालबंद आहे, तीन जिल्ह्यांतले घोडे तिच्याकडे येतात. घोडी, बिस्किट, अजून आमच्याच आवारात असते, कारण पठारावरचा तबेला व्हायचाय.

डार्सीने बॉनेट उघडं पाहिलं आणि चिपचा डबा खूर साफ करायच्या सुरीने उघडला. आत करंगळीच्या नखाएवढा एक रेझिस्टर. बाकी डबा रिकामा, वजनासाठी तळाला डांबर. म्हणाली, व्हर्लिन, हे इंजिनाला फसवतंय की बाहेर बर्फ पडतोय. त्यामुळे ते पेट्रोल जास्त ओततंय, बाकी काही नाही.

मी सांगितलं की मानसिक तयारीलाही महत्त्व असतं.

ती म्हणाली, डॅडला विचार ना, त्याच्या गाडीत काय आहे ते. मी म्हटलं, चोराला विचारायचं, चोरी कशी केली? ती बिस्किटचा पाय उचलून कामाला लागली.

ठरवलं: चिप काढायची नाही. काढली तर तिचं म्हणणं मान्य केल्यासारखं होईल. पेट्रोल गॅलनला नऊ मैलांवर आलंय.

४ मे, शनिवार

नवा सायलेन्सर. म्हणजे जुना काढला आणि तीन इंची सरळ पाइप बसवला. अर्नीच्या गॅरेजमध्ये. अर्नी म्हणाला, या इंजिनाला खालच्या वेगाला जोर लागतो, ट्रॅक्टरसारखं आहे ते. एवढा रुंद पाइप लावलास तर असलेला जोरही जाईल. मी म्हटलं, अर्नी, तू वेल्डिंग कर.

गाडी सुरू केली तेव्हा रस्त्यापलीकडची तीन कुत्री रडायला लागली. मला वाटतं, भीतीने.

१२ मे, रविवार

लोरेनची अट: चर्चच्या अलीकडच्या वळणावर इंजिन बंद करून गाडी घरंगळत न्यायची. मातृदिन होता म्हणून मानली. रॉयसने दार धरून ठेवलं होतं. म्हणाला, आज आवाज आला नाही, मला वाटलं तुम्ही येत नाही. त्याच्या डोळ्यांत कुचेष्टा होती. लोरेन म्हणते, नव्हती. लोरेनला कुचेष्टा ओळखता येत नाही, म्हणूनच तिने त्याच्याशी लग्न केलं होतं.

१ जून, शनिवार

अर्नीने डायनो घेतलाय. रोलरवर गाडी चढवायची, चाकं जागच्या जागी फिरतात आणि चाकांपर्यंत खरे घोडे किती पोचतात तो आकडा पडद्यावर येतो. उद्घाटनाला कॉफी आणि डोनट. निम्मं गाव.

मी पहिला नंबर लावला. लोकांना सांगितलं, एकशे ऐंशीच्या आसपास समजा.

चौऱ्याण्णव.

अर्नीने पुन्हा केलं. त्र्याण्णव.

मग डार्सीने आग्रह करून रॉयसला त्याची गाडी आणायला लावली. तो नको नको म्हणत होता. एकशे अठरा. काहीही न केलेली गाडी. फिल्टरच्या डब्यावर कंपनीचा स्टिकर तसाच.

लोक गप्प झाले, ते मला आवडलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. रॉयस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ही मशीनं पहिल्या दिवशी चुकतातच रे. म्हणजे सगळ्यांदेखत माझी कीव केली. हे ९ मार्चपेक्षा मोठं पाप आहे. वेगळं नोंदवतो.

कारणं (घरी आल्यावर सुचली): हवेतली आर्द्रता. मशीन नवीन. माझ्या वेळेला डायनोजवळ जास्त लोक उभे होते, त्यांनी ऑक्सिजन वापरला.

१४ जून, शुक्रवार

ड्यूटीवर. मी धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर असतो. सव्वीस वर्षं या तालुक्यातला प्रत्येक ट्रक माझ्या काट्यावरून गेलाय. आज रॉयस गवताच्या गठ्ठ्यांचं वजन करायला आला. मी मनात म्हटलं, आता सापडला. हलका माल घेऊन घाट चढतो आणि शौर्य मिरवतो.

काटा बघितला. ९ मार्चच्या माझ्या लाकडांपेक्षा सतराशे पौंड जास्त.

काटा पुन्हा शून्यावर आणला. पुन्हा तेच. काट्यात बिघाड असावा असं मी म्हटलं. रॉयस म्हणाला, तुझा काटा आणि बिघाड? अख्ख्या इडाहोत मी तुझ्या काट्याएवढा भरवसा कशावर ठेवत नाही. पावती दिली.

६ जुलै, शनिवार

आता लपंडाव पुरे. मुळावर घाव. कॅमशाफ्ट बदलणार. झडपा जास्त उघडतील, जास्त वेळ उघड्या राहतील, इंजिन पोटभर श्वास घेईल. पस्तीस घोडे, हे अगदी कमीत कमी.

अर्नीने हातातलं सँडविच खाली ठेवलं. म्हणाला, व्हर्लिन, नीट ऐक. तुझ्या सालच्या गाडीचा कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजत नाही. इंजिनातल्या ओढीवरून अंदाज बांधतो. कंपनीच्या कॅमवर तो अंदाज बरोबर येतो. तू भलता कॅम टाकलास की अंदाज चुकणार, आणि तो चुकतोय हे त्याला कळणारही नाही. पूर्ण खात्रीने चुकत राहील. कॅम टाकायचाच असेल तर हवा मोजणारी सिस्टिम आधी बसव, वायरिंगसकट. नाहीतर टायर लहान कर आणि घरी जा.

मी म्हटलं, होईल सवय. माणसाला होते, कॉम्प्युटरला का नाही?

१४ जुलै, रविवार

कॅम बसला. मी स्वतः बसवला, आठ दिवस. तीन बोल्ट उरले. कंपनीवाले जास्तच घालतात.

सुरू होते. उभी राहिली की हिवताप आल्यासारखी थडथडते आणि स्टॉपच्या पाटीला बंद पडते. यावर तोडगा म्हणजे न थांबणे. पोस्टाला जायचा एक नवा रस्ता शोधला, त्यावर एकही स्टॉप नाही. पोस्ट एक मैलावर, रस्ता नऊ मैलांचा. पण देखावा चांगला आहे.

३ ऑगस्ट, शनिवार

रॉयस दारात. त्याच्या पिकअपमध्ये चार टायर, रिमसकट, एकोणतीस इंची. म्हणाला, माझ्या कोठीत पडून होते, बघ लावून, दहा मिनिटांचं काम आहे. मी जॅक धरतो.

एवढी हिंमत! ज्या माणसाला मला हरवायचंय त्याच्याकडून चाकं घेऊ? उद्या जिंकलो तर म्हणेल, माझ्या टायरवर जिंकला. मी म्हटलं, आभारी आहे, गरज नाही. तो गेला. लोरेनने त्याला मागच्या बाजूने बोलावून टायर उतरवून घेतले. म्हणाली, तू सूड घे, मी फुलझाडं लावते त्यात.

१० ऑगस्ट, शनिवार

टायमिंग पुढे ओढलं, म्हणजे ठिणगी आता आधीच पडते. पुस्तकात दहा अंश आहे, मी अठरा केलं. चढावर बॉनेटखालून बरणीत गोट्या हलवल्यासारखा आवाज येतो. फोरमवर विचारलं. टेनेसीवाला म्हणाला, ते नॉकिंग आहे, लगेच थांब, पिस्टन जाईल. मी त्याला ब्लॉक केलं. नकारात्मक माणसं लांबच बरी.

२४ ऑगस्ट, शनिवार

बावन्न!!

घाटात बावन्न! चौथ्या मैलावर! गाडी रिकामी होती, पाठीवर वारा होता आणि खालच्या पुलापासूनच पळवत आणली होती, पण बावन्न म्हणजे बावन्न. वर जाऊन गाडी वळवली (बंद करण्याची सोय नाही) आणि लगेच खाली आलो.

लोरेनला सांगितलं. ती टोमॅटो बाटल्यांत भरत होती. म्हणाली, आणि त्याला मागे टाकल्यावर काय करणार? काय म्हणजे? म्हणाली, नंतर काय? मी जरा विचार केला. नंतरचं काही ठरवलेलं नाही. सूडात नंतर नसतं, बहुतेक.

१ सप्टेंबर, रविवार

सगळं तयार. सहलीच्या समितीने बाकडी, मोठी शेगडी आणि बर्फ न्यायचं काम मागितलं नसताना मीच घेतलं. भरल्या गाडीने हरवलं तरच बोलती बंद होईल. तीन हॉर्नची प्रॅक्टिस केली. बिस्किट दचकली. तिला सांगितलं, उद्यापर्यंत सहन कर गं.

२ सप्टेंबर, सोमवार

जे घडलं ते क्रमाने लिहितो, कारण गावात वेगळं पसरवलं जाणार.

अकरा वाजता घाट सुरू. शेजारी लोरेन, मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं मोठं भांडं. पहिला मैल चौतीस. दुसरा एकतीस. गोट्यांचा आवाज जोरात. तिसऱ्या मैलाच्या वळणावर समोर रॉयस! त्याच्या पुढे गवत बांधायचं यंत्र घेऊन एक ट्रॅक्टर रांगत होता, म्हणून त्याचाही वेग पंचवीसवर आलेला. असा योग आयुष्यात एकदा येतो. मी बाजूच्या लेनमध्ये घेतली आणि पाय तळापर्यंत दाबला. इंच इंच पुढे. माझं बंपर त्याच्या मागच्या चाकाला, मग ट्रेलरच्या कडीला... नाही, उलट, आधी ट्रेलर, मग चाक, मग दार. त्याचा चेहरा दिसला. त्याने हात केला. मी हॉर्न दाबला. एकदा.

दुसरा दाबायच्या आत धडाम्.

आवाज, मग पांढरा धूर, मग शांतता. इतकी शांतता या गाडीत मी मार्चनंतर पहिल्यांदाच ऐकली. गाडी कडेला घेतली. त्या क्षणी मी आठ इंच पुढे होतो. साक्षीदार: लोरेन. लोरेन म्हणते, तिचं लक्ष सॅलडकडे होतं.

रॉयस थांबला. उतरून पळत आला. आधी लोरेनला विचारलं, लागलं नाही ना, मग मला. साखळी आहे, ओढून नेतो म्हणाला. मी म्हटलं, नको. म्हणाला, अरे, बर्फ वितळेल. म्हटलं, वितळू दे. लोरेन सॅलड घेऊन त्याच्या गाडीत बसली. बाकडी आणि शेगडीही त्यांनी दोघांनी हलवली.

मी साडेचार तास थांबलो. सगळं गाव बाजूने वर गेलं. प्रत्येकाने हात केला. बर्फ वितळला.

७ सप्टेंबर, शनिवार

अर्नीने इंजिन उघडलं. चौथ्या पिस्टनला आरपार भोक. पिस्टन डोळ्याला लावून त्यातून त्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

निष्कर्ष: कॅम बरोबर होता. टायमिंग बरोबर होतं. पिस्टन कमकुवत निघाला. पुढच्या वर्षी घडीव पिस्टन, टर्बो, हवा मोजणारा कॉम्प्युटर. चारशे घोडे. रॉयसने आनंद करून घ्यावा आत्ताच.

तोपर्यंत लोरेनच्या छोट्या गाडीने कामावर. काट्यावर आलेले ट्रकवाले वरून खाली बघून बोलतात.

२८ सप्टेंबर, शनिवार

आनंदाची बातमी: रॉयसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे क्लच दाबता येणार नाही. नियतीच्या मनातही सूड असतो.

लोरेनने त्याच्याकडे सूप पोचवायला मलाच पाठवलं. एकटाच राहतो. पाय उशीवर, टीव्ही बंद, सिंकमध्ये तीन दिवसांच्या बशा. सूप गरम करून दिलं, कारण शत्रूने थंड सूप प्यायलं तर त्यात आपली शोभा काय. बशा धुतल्या, कारण वास येत होता.

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, पोरगी मोठी करण्याचं सगळं तू केलंस, व्हर्लिन. मी परत आलो तेव्हा तिला माझ्याकडून काही शिकायचं उरलंच नव्हतं. मला येतं काय, तर गाडी हाकता येते. म्हणून तिने हे ने, ते आण म्हटलं की मी धावतो. दुसरं काय देऊ?

मी बशा पुसल्या.

परत येताना विचार केला. हा त्याचा नवा डाव आहे. असणार. नीट कळला नाही अजून, पण डाव आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

टर्बोचे कॅटलॉग आले. दोन पानं वाचली. पाठ दुखत होती.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

डार्सीचा फोन. तबेला तयार झाला. मंगळवारपासून बर्फ सांगितलाय, त्याआधी बिस्किटला वर आणायला हवं, यंदाचा हिवाळा तिने उबेत काढावा. तिची स्वतःची व्हॅन ट्रेलर ओढत नाही. डॅडला पाय टेकवत नाही. मग म्हणाली, व्हर्लिन, तू डॅडची पिकअप घेऊन येशील का? तो हो म्हणालाय.

मी म्हटलं, विचार करतो. फोन ठेवायच्या आत म्हटलं, किती वाजता?

१२ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी नऊला रॉयसच्या घरून गाडी घेतली. तो कुबड्या घेऊन तयारच होता. म्हणाला, मीही येतो, घरात बसून कंटाळलोय. चढवून घ्यावा लागला. चढवणं सोपं गेलं, त्याची गाडी बुटकी आहे.

बिस्किट ट्रेलरला बिचकते. रॉयसने खिडकीतून पुचकारलं, लोरेनने गाजर दाखवलं. नाही. मी दोर हातात घेतला, म्हटलं, चल गं म्हातारे. आली. नेहमीच येते. मी दार लावलं. आवार एकदम मोठं दिसायला लागलं, म्हणून जास्त थांबलो नाही.

घाट लागला. मी मनाची तयारी करून बसलो होतो. पहिला मैल, पन्नास. दुसरा, अठ्ठेचाळीस. तिसऱ्यालाही अठ्ठेचाळीस. मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये घोडी, आत आम्ही दोघं चांगलेच वजनदार. इंजिन एकसुरात गुणगुणत होतं. पाय अर्धाही दाबलेला नव्हता. चौथा मैल. हाच तो घाट, हीच ती गाडी, आणि स्टिअरिंगवर मी. आत्ता कोणीही समोर आलं असतं तर मागे टाकलं असतं. कोणीही.

पुढे बघितलं. कोणी नव्हतं. आरशात बघितलं. कोणी नव्हतं. सबंध घाटात एक गाडी नाही. शिकारीचा हंगाम सुरू झालाय, सगळे जंगलात.

निदान शेजारी तरी साक्षीदार आहे म्हणून रॉयसकडे वळलो. काही ऐकवायचं होतं त्याला, सात महिने जपून ठेवलेलं. वेदनाशामक गोळ्यांनी त्याला झोप लागली होती. तोंड उघडं, मान दाराकडे कललेली, टोपी डोळ्यांवर. वळणावर कुबडी त्याच्या गुडघ्यावर पडायला लागली, तेव्हा मी एका हाताने ती धरली आणि वरपर्यंत तशीच धरून ठेवली. हॉर्न वाजवावा असं एकदा मनात आलं. घोडी दचकली असती.

वर पोचलो. कुंपणापाशी डार्सी उभी होती. गाडी थांबली तसा रॉयस जागा झाला. डोळे चोळत बाहेर बघितलं, कुठे आहोत ते त्याला कळेना.

म्हणाला, घाट आला का रे?

म्हटलं, येऊन गेला.